काकांचा ॲम्प्लिफायर

दर आठवड्याला या सदरासाठी मला जेमतेम एक पान मिळते. दिवाळी अंकात मात्र संपादक हात थोडा सैल सोडतात. तेव्हा वाचकहो, एरवी पानात न मावणारी एक गोष्ट यंदा सांगून टाकावी म्हणतो. गोष्ट एका जुन्या पेटीची आहे, आणि तिच्यापायी मराठीच्या मास्तराला हातात सोल्डरिंगची सळई कशी धरावी लागली त्याची आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पेटी खाली आली. सागवानी लाकूड, त्यावर निळसर रेक्झिन, पुढे सोनेरी जाळीचे कापड, वर तीन बटणे आणि एक तांबडा दिवा. आमच्या थोरल्या काकांचा हा ॲम्प्लिफायर. १९७६ साली लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीतल्या कारागिराकडून त्यांनी तो मुद्दाम बनवून घेतला होता. कंपनीचा शिक्का नाही, की नंबर नाही. पंचवीस वॅटचा, व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा. त्या काळी 'ट्रान्झिस्टरचा आहे' हे सांगताना काकांची मान जरा ताठ होत असे, असे काकू सांगतात.

काका रेल्वेच्या कचेरीत कारकून होते आणि गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत राहत. वाजवत ते हवाईयन गिटार. आजच्या मुलांना गिटार म्हटले की गळ्यात पट्टा अडकवून उभा राहिलेला तरुण दिसतो. ही गिटार मांडीवर आडवी ठेवायची. डाव्या हाताची बोटे तारांवर दाबायची नाहीत. त्या हातात एक पोलादी कांडी धरायची, वाजवणारे तिला 'बार' म्हणतात, आणि ती तारांवरून सरकवायची. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. पडद्यांचा अडसर नाही, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट ऐकू येते. आपल्या कानांना ही मींड परकी वाटली नाही यात नवल नाही. विचित्रवीणेवर काचेचा गोळा फिरवणारे आपल्याकडे होतेच.

हे वाद्य हवाई बेटांवरचे. ओआहू बेटावर १८७४ साली जन्मलेल्या जोसेफ केकुकूला त्याचा जनक मानतात. तिथून ते अमेरिकेत गेले, १९१५ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर घरोघर पोचले, आणि पुढे ताऊ मो या हवाईयन वादकाचे कुटुंब कलकत्त्याला येऊन राहिले, तेव्हा आपल्याकडेही त्याने चांगले मूळ धरले. आणखी एक गंमत सांगतो. विजेवर चालणारी, बाजारात विकली गेलेली पहिली गिटार ही उभी नव्हे, आडवीच होती. रिकनबॅकर कंपनीने १९३२ च्या सुमारास ती काढली. तिचा गोल पत्रा आणि लांब दांडा पाहून लोकांनी तिला 'तळणीचा तवा' असे नाव दिले! मांडीवरच्या गिटारचा आवाज मुळात नाजूक. दिवाणखान्यातून सभागृहात जायचे तर तिला विजेचा टेकू हवाच होता.

आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत या वाद्याची केवढी हौस होती! व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांच्या तबकड्यांवर सिनेमातली गाणी बिनशब्दांची वाजत. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये मिनिटभर जागा उरली की बहुधा गिटारच यायची. ब्रिजभूषण काबरा यांनी तर तिच्यावर रागदारी आणली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी काकांच्या कपाटात देवाच्या फोटोशेजारी होती. काका स्वतः मोठे वादक नव्हते. गणपतीत चाळीच्या चौकात दोन गाणी, कुणाच्या बारशाला एक, एवढीच त्यांची मजल. पण रोज संध्याकाळी कचेरीतून आले, की हातपाय धुऊन ते पाटावर बसत, खट्‌कन बटण दाबत, आणि तास-दीड तास वाजवत. पाटावर बसल्यावाचून त्यांनी गिटारला कधी हात लावला नाही. काकूंच्या मते ती विद्येविषयीची भक्ती.

काका २०१४ साली गेले. तेव्हापासून काकू आमच्याकडे डोंबिवलीला असतात. त्यांना मूलबाळ नाही. गिटार आमच्या कन्येने दोन वर्षांपूर्वी खाली काढली आणि एका क्लासला जाऊ लागली. ती आठवीत आहे. तेव्हा पेटी खाली आल्याबरोबर तिने काय करावे? मी बाजारात पणत्या आणायला गेलो असता तिने फडक्याने पेटी पुसली, प्लग भिंतीत खुपसला, आणि बटण दाबले.

मी परत आलो तो घरात भुंगा शिरल्यासारखा घूंऽऽ असा आवाज भरलेला, कन्या उजवा हात झटकत उभी, आणि काकू दारात. "बार तारेला लावला की मुंग्या येतात, बाबा," ती म्हणाली. "आधी थोड्या आल्या, मग झटकाच बसला."

मी धावत जाऊन प्लग उपटला. काकू शांतपणे म्हणाल्या, "पाटावर बसली नसेल."

तेव्हा मला ते बोलणे भाबडे वाटले. वाचकहो, तुम्हीही घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी मी पेटी रिक्षात घालून एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने मागची फळी उघडली, आत पाहिले आणि हसला. "साहेब, हा सगळा माल काढून टाकू. नवीन बोर्ड बसवतो, आठ-नऊशेत काम. पेटी तीच ठेवू, बाहेरून कळणारसुद्धा नाही. ब्लूटूथही देतो." बोर्ड त्याने दाखवला, तळहाताएवढा, आणि काकांच्या पेटीच्या दुप्पट ताकदीचा. माणूस खोटे बोलत नव्हता. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण मनात आले, आपल्या गावोगावच्या देवळांचा जीर्णोद्धार असाच होतो: गाभाऱ्याला संगमरवरी फरशा, शिखराला तैलरंग, आणि मग म्हणायचे, देऊळ जुने आहे. मी पेटी उचलून घरी आणली. इंग्रजीतल्या 'अपग्रेड'ला मराठी शब्द कोणता, असे विद्यार्थी मला विचारतात. मी जीर्णोद्धार सांगत असे. आता सांगताना जरा अडखळतो.

आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. स्टाफरूममध्ये आमची खुर्चीला खुर्ची. त्यांना हकीकत सांगितली तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "सर, मुलीला झटका बसला म्हणता? मग आवाजाचं नंतर बघू. रविवारी येतो."

रविवारी ते मीटर, पक्कड आणि एक साठ वॅटचा जुना काचेचा बल्ब घेऊन आले. मागची फळी उलटी केली, तर तिच्यावर आतून पेन्सिलीने काकांच्या बारीक अक्षरात लिहिलेले: '१२-८-८३ फ्यूज बदलला. ठिपका वर. पाटावर बसणे.'

ठिपका कसला? प्लग पाहिला. दोन पिनांचा, काळा, आणि एका बाजूला तांबड्या रंगाचा ठिपका. सरांनी वायरचा माग काढला आणि उलगडा झाला. खरखर कमी व्हावी म्हणून कारागिराने विजेच्या एका तारेपासून लोखंडी सांगाड्यापर्यंत, म्हणजे चॅसीपर्यंत, एक कपॅसिटर जोडला होता. जुन्या यंत्रांत ही रीतच होती. तो आता झिरपू लागलेला. दोन पिनांचा प्लग कसाही बसतो. एका बाजूने लावला तर ती तार निर्धोक असते, उलट लावला की तीच चालू. मग चॅसीत वीज, चॅसीतून केबलच्या जाळीत, तिथून गिटारच्या तारांत, आणि तारांवरच्या पोलादी कांडीतून थेट वादकाच्या हातात. दुसऱ्या कुठल्याही वाद्यात वादक दोन्ही हातांनी इतके सारे लोखंड धरून बसत नसेल! काकांना हे ठाऊक होते. ठिपका वर ठेवून ते प्लग लावत आणि वर लाकडी पाटावर बसत. भक्ती असेलही, पण पाट होता तो जमिनीपासून अंग सुटे राहावे म्हणून. हे काकूंना सांगावे की नाही याचा मी त्या क्षणी विचार केला आणि गप्प बसलो.

पहिले काम झाले ते त्या कपॅसिटरला कायमची रजा देण्याचे. दुसरे, तीन पिनांची नवी वायर; तिची हिरवी तार चॅसीला पक्की स्क्रूने कसली. तिसरे काम आमच्या भिंतीत निघाले. सरांनी सॉकेटचे तिसरे भोक तपासले, तर ते नुसते शोभेचे! मागे अर्थिंगची तारच नाही. वीस वर्षे आम्ही त्या सॉकेटवर इस्त्री करत आलो. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतले, आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच मुख्य बोर्डात बसवला. पेटीपेक्षा याचाच खर्च जास्त झाला, आणि मला तो मुळीच खुपला नाही. घरात कुणी जुना रेडिओ, रेकॉर्डप्लेअर बाहेर काढणार असेल तर आधी सॉकेटचे तिसरे भोक तपासून घ्यावे, एवढे मी मास्तरी सुरात सांगून ठेवतो.

आता आवाजाकडे. त्या घूं-घूंचे कारण सरांनी असे सांगितले. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते. डायोडमधून एकदिश झाली की तिच्यात सेकंदाला शंभर लाटा उरतात. त्या सपाट करायला मोठा कपॅसिटर असतो. पाण्याच्या टाकीसारखा, नळाला धार कशीही येवो, खाली एकसारखे पाणी. हे डबे आत ओलसर असतात आणि वर्षांनी वाळतात. काकांचा डबा २२०० मायक्रोफॅरडचा. मीटरवर भरला साडेपाचशे. टाकीच गळकी, म्हणून लाटा थेट कर्ण्यापर्यंत.

शंभर कंपनांचा तो स्वर. काकांची गिटार 'ए' सुरात लागते. तिची पाचवी तार ११० कंपनांची. तिला षड्ज धरला तर पेटीचा भुंगा कोमल निषादाच्या किंचित वर पडतो. तंबोऱ्याची अशी तार कुणी लावली असती तर काकांनी त्याला दारातून हाकलले असते. आणि स्वतः मात्र वर्षानुवर्षे त्या बेसूर तंबोऱ्यावर बिहाग वाजवत होते!

आम्ही तेहतीसशेचा नवा डबा आणला. मी विचारले, "सर, दहा हजारांचा का नको? एकदाच काय ते." ते म्हणाले, "बटण दाबताच एवढी टाकी भरायला एकदम वीज ओढली जाईल. फ्यूज आणि डायोड कुरकुरतील. टाकी गच्चीच्या ताकदीएवढीच असावी." कर्ण्याकडे जाणाऱ्या वाटेवरही एक हजाराचा कपॅसिटर होता, तो दोनशेवर आला होता, म्हणून खर्ज पातळ झालेला. तोही बदलला. बटणांची खरखर साफ करायच्या फवाऱ्याने गेली.

माझ्यावर सोपवले होते ते हलके काम. आवाजाची खरी ताकद देणारे दोन ट्रान्झिस्टर, 'टू-एन ३०५५' जातीचे, पाठीवर धातूच्या टोप्या असलेले, काढायचे, त्यांच्याखालचा वाळलेला पांढरा लेप खरवडायचा, नवा लावायचा आणि पुन्हा कसायचे. मध्ये अभ्रकाचा एक पातळ पापुद्रा ठेवायचा असतो. उष्णता पलीकडे जावी, पण वीज जाऊ नये, म्हणून. मी ऐटीत दोन्ही कसले. सरांनी पेटी सरळ भिंतीला न लावता आपल्या काचेच्या बल्बातून लावली. बल्ब लख्ख पेटला. "बंद करा!" ते ओरडले. बल्ब मिणमिणला तर सारे ठीक, लख्ख पेटला तर आत शॉर्ट. बल्ब मध्ये नसता तर पन्नास वर्षे टिकलेला ट्रान्झिस्टर माझ्या हातून गेला असता. एक पापुद्रा टेबलावर, माझ्या चष्म्याच्या घराखाली, तसाच पडलेला होता. सर काही बोलले नाहीत. मी जर त्यांच्या अर्जातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक पकडली असती तर मी इतका गप्प राहिलो असतो का, कोण जाणे.

शेवटचे काम मात्र दुरुस्तीचे नव्हते, सुधारणेचे होते. त्यावर आम्ही थोडे भांडलो. जुन्या पेटीच्या दाराशी सत्तेचाळीस हजार ओहमचा अडथळा होता. गिटारच्या पिकअपला तेवढा पुरत नाही. पाच-दहा लाख हवा, नाहीतर वरचे नाजूक सूर दारातच जिरतात. सरांच्या मते कारागिराने ती योजना माइकसाठीच्या नकाशावरून उचलली असावी. त्यावर उपाय म्हणजे प्रयोगशाळेत मुले हाताळतात तसला एक फेट, 'बीएफडब्ल्यू १०', आणि चार फुटकळ भाग, एवढेच. मी म्हणालो, "पण मग हा काकांचा आवाज राहील का?" ते म्हणाले, "गिटार काकांचीच आहे ना? तिचा अर्धा आवाज इतकी वर्षं दाराबाहेर राहिला, तो आत घेतोय."

ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर या वाद्याला का चालतो, तेही तेव्हाच कळले. अमेरिकेत रॉक वाजवणारे व्हॉल्व्हच्या पेट्या शोधत हिंडतात, कारण ताण पडला की व्हॉल्व्हचा आवाज गोडसर फाटतो आणि त्यांना तेच हवे असते. आडव्या गिटारवाल्याला ते अजिबात नको. तो दोन-तीन तारा एकदम छेडतो, वर कांडी सरकवतो; आवाज जरा फाटला की त्या स्वरांचा चिखल होतो. म्हणून तिकडच्या पेडल स्टील वादकांनी सत्तरच्या दशकात 'पीव्ही सेशन ४००'सारख्या ट्रान्झिस्टरच्या भल्या मोठ्या पेट्या आपल्याशा केल्या. पंधरा इंची कर्णा, आणि ताकद इतकी की गाणे संपेपर्यंत अर्धीही लागू नये. त्या पेट्याही आता पन्नाशीच्या झाल्या आणि तिकडेही लोक त्यांचे कपॅसिटर बदलत बसले आहेत. काकांच्या पंचवीस वॅटना त्यांच्याशेजारी बसवायला नको. पण दोन खोल्यांना ते पुरत होते.

कर्णा बदलू दिला नाही एवढा मात्र मी हट्ट केला. सरांचे म्हणणे हिशेबाला धरून होते: तीन डेसिबल जास्त देणारा कर्णा लावला तर ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केल्यासारखेच होते. पण बारा इंची तो कर्णा कडेला जरा फाटला होता, एवढेच. चहाच्या पुडीचा पातळ कागद आणि पांढरा डिंक लावून मी तो सांधला. हे काम मला जमले.

मग ती संध्याकाळ. काकूंना आतून बोलावले. कन्येने खट्‌कन बटण दाबले, तांबडा दिवा लागला. आणि काहीही ऐकू आले नाही. सरांचा चेहरा फुलला.

काकू वाट पाहत उभ्या. "लागला का?"

"लागलाय ना आजी."

"कुठं? आवाज कुठाय?"

त्या घूं-घूंबद्दल विचारत होत्या. स्वयंपाकघरात असताना तो आवाज आला की काका पाटावर बसले, आता चहा टाकायचा, असे त्यांचे पस्तीस-चाळीस वर्षांचे घड्याळ. कन्येने वाजवायला सुरुवात केली. काय सांगू, कांडी तारेवर टेकल्याची हलकी किणकिणसुद्धा ऐकू येत होती. खर्ज भरीव, टिपेचा सूर मोकळा. मी आणि सर एकमेकांकडे पाहून हसलो. काकूंनी सगळे गाणे ऐकले आणि म्हणाल्या, "छान वाजवतेस गं. पण हे त्यांचं नाही." आणि आत गेल्या.

रागाने नव्हे, दूध उतू जाईल अशा घाईने गेल्या. पण मला रात्री झोप लागली नाही. मुलीच्या हातातली वीज काढली ते बरोबरच होते. टाकी बदलली, तीही बदलायलाच हवी होती. पण दाराचे काय? काकांच्या हातून निघालेला आणि चाळीने ऐकलेला आवाज तो थोडा कोंडलेला, मऊ, दुलईतल्यासारखा होता. तो आम्ही दोन शहाण्या माणसांनी मिळून 'सुधारला' होता.

सोमवारी सरांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "त्यात काय, एक स्विच टाकू." पुढच्या रविवारी पेटीच्या मागे, काकांच्या पेन्सिलीच्या अक्षराखाली, दोन बाजूंचा एक लहान स्विच बसला. वर केला की नवे दार, खाली केला की सत्तेचाळीस हजाराचे जुने. सरांनी त्याच्या दोन बाजूंना पेन्सिलीनेच 'नवा' आणि 'जुना' असे लिहिले. शुद्धलेखनात चूक नव्हती.

घूं-घूं मात्र परत आणता आली नाही, आणि आणायचीही नव्हती. कन्या आता बटण दाबले की स्वयंपाकघराकडे तोंड करून "आजी, लावला हं!" अशी हाक मारते. क्लासचा अभ्यास असला तर स्विच वर. काकू येऊन बसल्या तर गुपचूप खाली. काकूंना तो स्विच ठाऊक आहे की नाही ते मला अजून कळलेले नाही. एकदा एवढेच म्हणाल्या, "आज जरा बरं लागलंय."

भाऊबीजेला सगळी मंडळी आमच्याकडे जमणार आहेत आणि कन्या बिहागाची गत वाजवणार आहे. जोरात वाजवले की सहाव्या तारेवर कर्णा अजून जरा फुरफुरतो. माझा कागद सुटला असावा. तो दिवाळीनंतर पाहू. अर्थिंग पक्के झाल्यापासून पाटाची काही गरज नाही, हे मी अखेर काकूंना नीट समजावून सांगितले. ठिपक्याची आणि पेन्सिलीच्या ओळीची हकीकतही सांगितली. त्यांनी सारे ऐकून घेतले, "हो का," म्हणाल्या, आणि पाट पुसून पेटीपुढे मांडला.